बदली भाचा

४ फेब्रुवारी

चिरंजीव नबाबसाहेबांस,

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं. चार दिवस बहिणीकडे विश्रांतीला आले आणि तिच्या मागच्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडून बसले. प्लास्टर थेट कोपरापर्यंत आहे. तू फोन टाकून दिलास, का तर म्हणे ती मालकाच्या हातातली दोरी, म्हणून आता ही पोस्टाची यातायात.

(पायरी हलते हे मी ताईला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. – आई)

ऐक. आमच्या लाँड्रीत एक रीत आहे. कुणी आजारी पडलं की तिच्या घरचं माणूस बदली म्हणून उभं राहतं आणि तिची जागा राखतं. कुणीच उभं राहिलं नाही तर जागा दुसरीला जाते. माझ्या घरचं माणूस म्हणजे तू. माझ्या खोलीत राहतोस, माझ्या पलंगावर लोळतोस, तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

काम अवघड नाही. चादरी इस्त्रीच्या रोलरमधून काढायच्या, दोघांनी दोन टोकं धरून घड्या घालायच्या. माझ्यासमोरचं टोक थोरली धरते. ती आमच्यात सगळ्यांत जुनी, सगळे तिला थोरलीच म्हणतात. तिचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. ती सांगेल तसं कर.

सोमवारपासून जा.

तुझी मावशी

(राजा, जेवतोस ना वेळेवर? – आई)


९ फेब्रुवारी

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार. एरवीही मी आडवाच असतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.

मनगटाचं वाचून फार वाईट वाटलं. पण लाँड्रीत मी येऊ शकत नाही. मी काम नाकारलंय, मावशी. तुम्ही दोघी बहिणी याला आळस म्हणता. आळशी माणसाला काम करायचं असतं, फक्त आज नको असतं. मला आजही नकोय आणि उद्याही.

तुला माझं ऑफिस आठवतं? लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचो. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.’ इतकी मोलाची, की ती सोडवून संपवायची कुणाची इच्छाच नसे. एकदा एका म्हाताऱ्याचं उलट पत्र आलं. त्याची तक्रार वर्षभर तशीच पडली होती, पण मी इतकं गोड लिहितो म्हणून त्याने माझे आभार मानले होते. ते वाचलं, खुर्ची मागे सारली आणि घरी आलो. फसवणूक मालकाची, गोडवा माझा. तो गोडवा मी बंद केला.

आता तुझी गोष्ट. मी बदली म्हणून उभा राहिलो तर मालकाला कळणार काय? की माणूस मोडलं तरी चादर थांबत नाही. तुझं मनगट मोडलंय हे त्याला समजायला नको? त्याच्या चादरी ओल्या पडू देत, बोळ्यासारख्या चुरगळू देत. तुझ्याशिवाय भागत नाही हे त्याला एकदा नाकात वास जाऊन कळू दे. माझं न येणं हीच तुझ्यासाठी केलेली सर्वांत मोठी सेवा आहे.

तुझा भाचा (सेवानिवृत्त)


१३ फेब्रुवारी

सेवानिवृत्तास,

तुझ्या आईने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सेवेच्या वाक्यापाशी तिला ठसका लागला.

(तो लिहितो मात्र छान. – आई)

अरे, हॉटेलातली माणसं न धुतलेल्या चादरीवर झोपली म्हणून मालकाचं राज्य जात नाही. त्यांना खरूज होते. आणि माझी जागा रिकामी दिसली तर मालक हळहळणार नाही, दारातल्या पहिल्या बाईला आत घेईल. त्याला माझी किंमत कळेपर्यंत मी घरी बसलेली असेन. माझ्या वयाच्या, मोडक्या हाताच्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? जागा गेली की खोली गेली. मग तू काम नाकारायला कुठे पडणार? रस्त्यावर पडलास तर लोक तुला तत्त्वनिष्ठ म्हणणार नाहीत, दुसरंच काहीतरी म्हणतील.

ऑफिस सोडलंस ते चांगलं केलंस. हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण त्यानंतर तू नक्की कुणाविरुद्ध संप केलायस? आपल्या जिन्याची झाडायची पाळी असते. तू राहायला आल्यापासून ती पाळी खालची शिंपीण करते. दिवसभर मशीन चालवते आणि वर तुझा कचरा काढते. ती काय कारखानदार आहे?

मालकाला उपाशी मारायला निघालास आणि बसलास आयत्या बिळात. बीळ माझं. त्यातली चादर माझी. तीही मीच धुतलेली.

जा म्हणते.

मावशी

(राजा, एवढं ऐक. मन लावून, झपाझप काम कर. एकदा तरी घराण्याचं नाव काढ. – आई)


१८ फेब्रुवारी

मावशीस नमस्कार, या वेळी उभ्याने.

गेलो. तत्त्व पटलं म्हणून नाही. छपरासाठी गेलो. शिंपिणीबद्दल तू लिहिलंस ते वाचून जिन्यात जाऊन पाहिलं. कठड्याला तिने एक चिठ्ठी बांधून ठेवलीय, ‘वरच्यांची पाळी.’ दोरा पिवळा पडलाय. मी ती रोज पाहत होतो आणि मला ती इमारतीची सजावट वाटत होती.

तुझी लाँड्री म्हणजे गरम वाफेचं पोट. आत शिरल्याबरोबर चष्मा आंधळा झाला. रोलरचा आवाज एवढा की माणूस स्वतःचे विचारही ऐकू शकत नाही, हा एक फायदाच. एका तोंडाने ओलसर चादर घालायची, दुसऱ्या तोंडाने ती कडक होऊन येते, गरम पापडासारखी. मग समोरासमोर उभं राहून टोकाला टोक. रांगेत सगळ्या बायका आणि मी. पहिल्याच घडीला माझं टोक थोरलीच्या टोकापेक्षा वीतभर बाहेर आलं. ती म्हणाली, “तुझ्या मावशीने पाठवलंय ते माणूस की खुंटाळं?”

पण एक गोष्ट मला खटकली. तू या बायकांना माझ्याबद्दल काय सांगून ठेवलंयस? मला घडी जमायला लागली, हात जरा चालायला लागला, की थोरली म्हणते, “दमाने घे रे, बाबा.” तिच्या मागची म्हणते, “दमाने.” रोलरवरची मान हलवते. मी काय काचेचा आहे? इतके महिने झोपलो म्हणजे हाडं विरघळली असं वाटतं त्यांना? गळ्यात घड्याळ अडकवून कामाचा वेग मोजणारा तो मापवाला इकडून तिकडे फिरत असतो, त्याच्या देखत मला म्हणतात, दमाने! काम न करणं वेगळं आणि न जमणं वेगळं. हा फरक मी त्यांना दाखवणार आहे.

तुझा भाचा (तात्पुरता श्रमिक)


२२ फेब्रुवारी

चिरंजीवास,

थोरली दमाने म्हणते ना? मग दमाने घे. तिला कळतं. तिच्या चालीने चाल. कुणाला काही दाखवायला जाऊ नकोस, मापवाल्याला तर मुळीच नाही.

(ताईला तुझी काळजी वाटते म्हणून ती असं सांगते. पण तू मनावर घेऊ नकोस. रांगेत सगळ्यांत चपळ हात माझ्या ताईचा, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलेय. तिच्या जागेवर उभा आहेस, तेव्हा तिला शोभेल असं कर. – आई)

तुझ्या आईने आता मध्येच काय लिहिलं ते ती वाचून दाखवत नाही. बरं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. काही गोष्टी दुसऱ्याच्या हाताने लिहायच्या नसतात. हात सुटला की लिहीन. तोवर थोरली सांगेल तसं.

मावशी


२८ फेब्रुवारी

मावशी, पेढे वाट! नाहीतर राहू दे, एका हाताने वाटशील कशी?

काल मापाचा दिवस होता. तुला माहीतच असेल, वर्षातून एकदा मापवाला घड्याळ हातात घेऊन उभा राहतो. तासात कुठली जोडी किती घड्या घालते ते बघतो आणि त्यावरून पुढच्या वर्षीचं माप ठरवतो. थोरली त्या दिवशी अशी चालत होती जणू चादर तिच्यावर रुसलीय. मी मापवाल्याला सांगून तिला रांगेच्या शेवटी गठ्ठे रचायला पाठवलं, म्हातारीला तेवढाच आराम. समोरचं टोक नव्याने लागलेल्या एका तरण्याताठ्या पोरीला दिलं. आणि मग सुटलो!

मावशी, तू पाहायला हवं होतंस. रोलरला दम घ्यायला सवड दिली नाही. चादर आली, उचलली, फट, फट, पुढची. मापवाल्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं. त्याला वाटलं बंद पडलं. शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. बायका गप्प होत्या. हेवा असावा.

एक तारखेपासून माझं माप सगळ्या रांगेला लागू होणार आहे. मी काम नाकारतो ते येत नाही म्हणून, असं यापुढे घरात कुणी म्हणायचं नाही. आईला सांग, नाव काढलं.

तुझा भाचा (पहिला नंबर)


४ मार्च

गाढवा,

डाव्या हाताने लिहितेय. तुझी आई दुपारची झोपलीय. अक्षर लागत नसेल तर लावून घे.

काय केलंस हे? हात दाखवून अवलक्षण.

आमची रांग थोरलीच्या चालीने चालते. सगळ्यांत हळू जी, तिचं माप ते सगळ्यांचं माप. मापाच्या दिवशी त्याहून हळू. वीस वर्षं झाली. कुणी ठरवलं आठवत नाही. थोरलीच्या आधीही एक थोरली होती, तिचे डोळे गेले होते. तेव्हा तिच्या चालीने.

दमाने म्हणजे काय ते मापवाल्यासमोर तुला ओरडून सांगायचं होतं का?

तुझ्या आईसमोर मी कसं सांगू? तिला वाटतं मी रांगेत पहिली असते. तिने गावभर सांगितलंय. मला जमतं पहिलं यायला. मी येत नाही.

आता थोरलीला ते माप झेपणार नाही. ती बाहेर. मग प्लास्टर काढून मी येणार. या मनगटाने मला झेपेल का तुझं माप? मग मी बाहेर. जागा राखायला पाठवलं तुला. राखलीस.

तुझ्या आईला बोलू नकोस.

म.


९ मार्च

(फक्त मावशीसाठी. आई, हे पाकीट फोडू नकोस.)

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षर लागेना म्हणून, दुसऱ्यांदा खरं वाटेना म्हणून. तिसऱ्यांदा राग आला म्हणून. मला आयतोबा म्हणायचीस! दर रविवारी मला कष्टाची महती ऐकवायचीस! आणि स्वतः वीस वर्षं अख्खी रांग घेऊन मालकाच्या नाकावर टिच्चून हळू चालतेस? मी एकटा पलंगावर पडून जे करत होतो ते तुम्ही उभ्याने, घोळक्याने, गप्पा मारत करत होतात. मला आधी सांगितलं असतंस तर मी पहिल्या दिवशी धावत आलो असतो. म्हणजे, चालत.

ते असो. तुझं पत्र खिशात घालून थोरलीकडे गेलो. ती गठ्ठ्यांच्या मागे, दोरीवर चादरी वाळत घालत होती. इस्त्री झालेल्या चादरी.

मी म्हटलं, “या परत का वाळवताय?”

“ओल्या आहेत म्हणून.”

“रोलरमधून आल्यावर?”

“तुझ्या हातच्या आहेत, बाबा. तू रोलरला त्या गरम करायला वेळ दिलास तर ना! काठाला हात लाव.”

हात लावला. काठ दमट. त्या तशाच गठ्ठ्यात गेल्या की दुसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो, हॉटेल गठ्ठा परत पाठवतं. मी म्हटलं, “आजच झालं का असं?”

ती हसली. “तुझा हात चालायला लागला त्या दिवसापासून. आम्ही जेवणाच्या सुट्टीत पाळीपाळीने वाळवतो. तुझ्या नावाचा गठ्ठा परत आला असता तर बदली नापास. मग तुझ्या मावशीची जागा जाते.”

म्हणजे मी पहिला नंबर मिळवत होतो आणि माझ्या मागे साऱ्या जणी जेवण सोडून माझ्या चादरी वाळवत होत्या. मी थोरलीला म्हटलं, “मग मला सांगितलं का नाही?” तर म्हणते कशी, “तू ऐकणाऱ्यातला दिसला नाहीस. बोलणाऱ्यातला दिसलास.”

अजून एक. मापवाल्याने मला बोलावून घेतलं. त्याला मदतनीस हवाय. खुर्ची, घड्याळ, पंख्याखालची जागा. रांगांची मापं घ्यायची. म्हणाला, “तुझ्यासारखा माणूस घडी घालण्यात वाया जातोय.”

मी ठरवलंय. उद्यापासून जात नाही. त्याला तोंडही दाखवत नाही. मी तिथे जायलाच नको होतं, आता निदान बाजूला होतो तरी. माझ्याकडून एवढीच भरपाई होऊ शकते.

तुझा (कोणी नाही)


१३ मार्च

कोणी नाहीस कसा, भाचा आहेस. ते काही सोडता येत नाही.

डावा हात आता जरा वळतोय. तुझ्या आईने पाकीट फोडलं नाही. फक्त वाफेवर धरून उघडलं आणि परत चिकटवलं. माझ्याशी ती गेले दोन दिवस बोलत नाहीये, पण भांडी फार सावकाश घासतेय.

जात नाहीस म्हणजे काय? तुझा वेग आमच्या गळ्यात बांधून तू परत पलंगावर? तू गेलास तरी तुझं माप तिथेच राहील. भिंतीवर लावलंय ना त्याने? ते काय तुझ्या मागून चालत घरी येणार आहे?

तुझी सगळी पत्रं मी परत वाचली. तू म्हणतोस ते खोटं नाही. मालकाला माणसाचा अख्खा दिवस हवा असतो, आणि तो त्याला देऊ नये, हे मला तुझ्याआधीपासून माहीत आहे. पण तू दिवस देत नाहीस तेव्हा तो कुणाच्या तरी पदरी पडतो. आधी शिंपिणीच्या पडला. माझ्या पडला. मग तू कामाला लागलास तर काम करूनही दुसऱ्याच्याच पदरी पाडलंस, हे मात्र खास तुलाच जमावं! नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हण. आधी मागे वळून बघ, कोण उभं आहे.

आणि आम्ही काही देव नाही. थोरलीच्या गुडघ्यांच्या नावावर आम्ही उगाचही पुष्कळ रेंगाळलो. अर्धं गाव त्या चादरींवरून उलगडलंय आम्ही. एकदा एक घाईची पोरगी आली होती, तिला आमची चाल पटेना. तिच्याशी आम्ही कुणी बोललो नाही, शेवटी ती सोडून गेली. ते मला अजून बरं वाटत नाही.

काय करायचं ते मला इथून कळत नाही. थोरलीला विचार. या खेपेला ऐक.

मावशी


२२ मार्च

मावशी,

बसून लिहितोय. पाठ धरलीय. हळू काम करून पाठ धरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थोरलीला विचारलं. ती म्हणाली, “तू काहीच करू नकोस. तू जसा करतोस तसाच कर. आम्ही आमचं एक काम सोडतो.” एवढंच. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जेवायला बसल्या. माझ्या चादरी दोरीवर गेल्या नाहीत. दमट काठांसकट थेट गठ्ठ्यात. मी नव्या मापाने फट फट करत होतो, माझ्यामागून सगळी रांग नव्या मापाने फट फट करत होती, आणि गठ्ठे छान उंच रचले जात होते.

आठवड्याच्या आत हॉटेलचा माणूस आला. गाडीभर चादरी घेऊन, एकट्या माझ्या नव्हे, साऱ्या रांगेच्या. मालकाच्या टेबलावर एक चादर उलगडली आणि म्हणाला, “वास घ्या.” मालकाने घेतला. माझ्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, त्याला एकदा नाकात वास जाऊन कळू दे. तेव्हा मी घरी पडून ते होईल म्हणत होतो. झालं खरं, पण मी तिथे उभा होतो म्हणून, आणि साऱ्या जणी जेवायला बसल्या म्हणून.

मापवाला धावत आला. “हे असं कसं?” थोरली म्हणाली, “साहेब, माणूस पळतं, रोलर पळत नाही.” परत माप घ्यायचं ठरलं. आणि त्याने जोडी कुठली निवडावी? मी आणि थोरली.

मावशी, मला वाटायचं न करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सपशेल आपटलो. घड्याळासमोर हळू चालणं आणि रेंगाळतोय असं दिसू न देणं, हे येरागबाळ्याचं काम नाही! पहिल्या दोन चादरींत माझा हात सुटू लागला तशी थोरली चादरीआडून पुटपुटली, “झटक. झटकल्याशिवाय घडी नाही.” मग झटकायचं. काठ उजेडाला धरून बघायचा. सुरकुती दिसली नाही तरी हाताने सपाट करायची. प्रत्येक गोष्ट खरी, उपयोगाची, आणि प्रत्येकीला वेळ लागणारी. मापवाल्याला बोट ठेवायला जागा नाही. माझा घाम निघाला. थोरली विड्याच्या पानासारखी टवटवीत.

माप उतरलं. सगळं नाही. जुन्यापेक्षा थोडं वरच राहिलं, ते माझ्या नावावर. थोरली म्हणते, “तेवढं निभेल. विहिणींबद्दलच्या गप्पा कमी करू.” ती गठ्ठ्यांवरून परत टोकावर आलीय. भिंतीवरचा कागद मीच खरवडून काढला.

मग मापवाल्याने मला बाजूला घेतलं. खुर्ची अजून रिकामी होती. पंखा चालू होता. म्हणाला, “चूक सगळ्यांची होते. येतोस?” मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, का? माझ्याकडे केवढं मोठं भाषण तयार होतं, तुला माहीत आहे. ते राहू दिलं. मी म्हटलं, “मला माणसं मोजायची नाहीत.” तो म्हणाला, “मग काय करणार? जन्मभर दुसऱ्याच्या जागेवर उभा राहणार?” मी म्हटलं, “सध्या तरी थोरली थांबलीय, जातो.”

ऑफिस मी सोडलं होतं, मावशी, पण तिथे कुणी मला थांबवत नव्हतं. नाही म्हणायला समोर माणूस असावा लागतो, आणि पंखाही. वाऱ्याची झुळूक फार छान येत होती.

मालक अजून मालकच आहे, हे मलाही दिसतंय. याने काही उलटलं नाही. तुझी युक्ती वीस वर्षं चालली आणि त्याच्या घरावर दुसरा मजला चढला, हे मी तुला पुढेमागे ऐकवणारच आहे. आज पाठ दुखतेय.

जिना मी झाडला. शिंपीण दारात येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, “कोपरे राहिले.”

तुझा भाचा


२८ मार्च

चि. राजास,

आज मी लिहितेय, तुझी आई. ताई शेजारी बसलीय, पण या वेळी सांगणार मी आणि कंसात ती.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. फक्त मावशीसाठी असं लिहिलेलं पाकीट आईने उघडू नये, असं तुला वाटलंच कसं? दोन दिवस मला फार राग आला. मी गावभर सांगत फिरले, माझी ताई म्हणजे वीज आहे वीज. आणि ही बया मुद्दाम शेवटून पहिली! वर इथे येऊन मला म्हणते, तुझी भांडी अजून झाली नाहीत का?

(तेवढं चुकलंच माझं. – मावशी)

मग मी विचार केला. माझ्या घरात तरी माप कुणी ठरवलं? सगळ्यांत घाईची कोण, तर मीच. तेव्हापासून मी दमाने घेतेय. तुझ्या बाबांना चहा उशिरा मिळाला. पहिल्या दिवशी ते चिडले, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केला. वाईट झाला होता. मी सगळा प्यायले आणि कोपरे राहिले असं म्हटलं नाही.

ताईचं प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं वळत नाही आणि डॉक्टर म्हणतात आता तेवढंच वळणार. रोज उभं राहणं जमायचं नाही. तू पाहिलंच असशील, तरी सांगते: तिने लाँड्रीत निरोप धाडला होता, की जागा एकच, पण निम्मे दिवस मी आणि निम्मे दिवस माझा बदली. मालक म्हणाला, अशी रीत नाही. थोरलीने सांगितलं म्हणे, “आजपासून आहे.” रांगेतल्या सगळ्या हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिल्या, रोलर नुसता फिरत राहिला. तो हो म्हणाला.

(उरलेले निम्मे दिवस तू खुशाल काम नाकार. मला तुझं ते बोलणं आवडतं, तुला सांगत नाही एवढंच. पण जिना सगळा तुझा. शिंपिणीची पाळीही तुझी, तिची पुष्कळ राहिलीय. आणि दुसऱ्या मजल्याचं म्हणालास, ते माझ्या मनातून जात नाहीये. आल्यावर थोरलीसमोर बोलू. – मावशी)

ताई सोमवारच्या सकाळच्या गाडीने निघतेय. फोन नाहीच म्हणून हे पत्र आज टाकतेय. तिला न्यायला जा.

(पिशवी जड आहे आणि माझा एकच हात चालतो. पिशवी उचलणं हे काम आहे की नाही, यावर तुझं काय म्हणणं आहे ते वाटेत ऐकेन. उचलून झाल्यावर सुरू कर. – मावशी)